एम४२ ते मिररलेस अडॅप्टर: एका पोकळ कड्याचा सविस्तर रिव्ह्यू

जुनी लेन्स नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली की पहिल्याच दिवशी दोन तक्रारी हमखास येतात. लांबचं काही केल्या शार्प येत नाही आणि समोरून उजेड आला की सगळा फोटो दुधी काचेतून काढल्यासारखा दिसतो. दोन्हींचा ठपका लेन्सवर बसतो: पन्नास वर्षांची झाली, कोटिंग गेलं असेल, कुणीतरी उघडली असेल. पुष्कळदा लेन्स निर्दोष असते. चूक असते ती लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधल्या ॲल्युमिनियमच्या कड्यात.

म्हणून हा रिव्ह्यू लेन्सचा नाही, अडॅप्टरचा आहे. त्यातही मुख्यतः एम४२चा, कारण जुन्या लेन्सच्या वाटेला लागलेले बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. ४२ मिमी व्यासाचे आणि १ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) साधे आटे, एवढंच हे माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची सोय. १९४९च्या कॉन्टॅक्स एसपासून ते चालत आलं. प्राक्टिका, पेंटॅक्स, झेनिट यांनी अनेक वर्षं वापरलं. पेंटॅक्सने १९७५मध्ये के बायोनेट (आट्यांऐवजी थोडं फिरवून अडकवायचं माउंट) आणलं, तोपर्यंत या आट्यांच्या भरपूर लेन्स बाजारात उतरल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच आजही धडधाकट आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. काच नसलेला, पिन दाबणारी कड असलेला (ही पिन कोणती, ते पुढे येईल), आतून खरोखर काळा आणि जाडीला बरोबर असलेला साधा अडॅप्टर ही या छंदातली सगळ्यात मोलाची खरेदी आहे. मात्र खोक्यातून काढून लगेच त्यावर विश्वास टाकू नये. अर्धा तास काढून तो तपासावा. कसा, ते पुढे आहे.

जाडीचं गणित

प्रत्येक माउंटचं लेन्स टेकते त्या पृष्ठभागापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एम४२चं हे अंतर ४५.४६ मिमी. फिल्म कॅमेऱ्यात मधे आरसा असायचा, त्याला हलायला जागा लागायची. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून हे अंतर खूप कमी: सोनी ई १८ मिमी, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, एल माउंट २०, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५. अडॅप्टरचं काम एवढंच, उरलेली जागा भरून काढायची. ४५.४६ वजा १८ म्हणजे सोनीसाठी २७.४६ मिमी. झेडसाठी २९.४६, आरएफसाठी २५.४६. आत ना काच, ना मोटर, ना वायर. नुसती नेमकी लांबी.

ही लांबी किती नेमकी हवी, याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. लेन्स किती पुढे सरकली की फोकस कुठे जातो, याचा हिशेब सोपा आहे: फोकल लांबीचा वर्ग भागिले सरकलेलं अंतर. समजा अडॅप्टर फक्त ०.१ मिमी जास्त जाड निघाला. ५० मिमीच्या लेन्सला २५०० भागिले ०.१, म्हणजे २५,००० मिमी. त्या लेन्सचा फोकस २५ मीटरपलीकडे जाणारच नाही. २८ मिमीची लेन्स तर ७.८ मीटरवरच अडकेल. १३५ मिमीची मात्र १८० मीटरपर्यंत पोहोचेल आणि वापरणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटणारही नाही. त्यामुळे अडॅप्टरची परीक्षा घ्यायची ती हाताशी असलेल्या सगळ्यात वाइड लेन्सने. टेलिफोटोवर पास झालेला अडॅप्टर पास झाला असं धरू नये.

या भीतीपोटी बहुतेक उत्पादक अडॅप्टर मुद्दाम किंचित बारीक ठेवतात. मग लेन्स अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसच्या, खुणेच्या आधीच अनंतावर फोकस होते आणि रिंग पुढेही थोडी फिरते. ‘अनंतापलीकडे गेलं तर बिघडलं काय’ असं सर्रास म्हटलं जातं. साध्या ५० मिमीसाठी ते बऱ्यापैकी खरंही आहे: अंतराची पट्टी चुकीचं सांगते, बाकी काही नाही. पण ज्या वाइड लेन्समध्ये जवळच्या फोकससाठी आतले भिंगगट वेगळ्या वेगाने सरकतात, तिथे हे चालत नाही. अशी लेन्स अनंतावर असताना तिला वाटत असतं की आपण पाच-सहा मीटरवर आहोत, आणि आतले गट त्या अंतराच्या जागी जाऊन बसतात. मधला भाग छान येतो, कोपरे ओघळतात. मग लिहिलं जातं, ‘या लेन्सचे कोपरे वाईट आहेत’. त्याच लेन्सखाली बरोबर जाडीचा अडॅप्टर घातला की कोपरे सुधारतात.

व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) नसतानाही मोजता येतं

स्वच्छ हवेच्या दिवशी किमान किलोमीटरभर लांबचा मनोरा किंवा इमारतीची कड निवडा. कॅमेरा ट्रायपॉडवर, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडं, स्क्रीनवर जास्तीत जास्त मॅग्निफिकेशन. रिंग सावकाश फिरवत सगळ्यात शार्प जागा पकडा आणि लेन्सवरच्या पट्टीवर कोणतं अंतर आलंय ते वाचा. ५० मिमीच्या लेन्सवर १२ मीटर आलं, तर २५०० भागिले १२,०००, म्हणजे अडॅप्टर साधारण ०.२ मिमी बारीक आहे. अनंताच्या खुणेवरच शार्प आलं तर उत्तम. खुणेपर्यंत रिंग टेकली तरी मऊच राहिलं, तर तो जाड आहे.

एक सावधगिरी बाळगा. जुनी लेन्स आधी कुणी उघडून जोडली असेल, तर तिची स्वतःची अनंताची जुळणी हललेली असू शकते. दोन वेगळ्या लेन्सवर हीच चाचणी करा. दोन्ही एकाच दिशेने आणि हिशेबात तेवढीच चूक दाखवत असतील तर दोष अडॅप्टरचा. एकच दाखवत असेल तर त्या लेन्सचा.

व्हर्नियर असेल तर कॅमेऱ्याकडच्या टेकणाऱ्या पृष्ठभागापासून लेन्सकडच्या कडेपर्यंत चार जागी मोजा, प्रत्येक जागी तीनदा. साध्या डिजिटल व्हर्नियरचा स्वतःचा घोळ ०.०२ मिमीपर्यंत असतो, म्हणून एका आकड्यावर जाऊ नका. चार जागांमधला फरक ०.०३ मिमीपेक्षा जास्त येत राहिला तर अडॅप्टर तिरका आहे, आणि तिरका अडॅप्टर बारीक अडॅप्टरपेक्षा वाईट.

बारीक अडॅप्टर घरी दुरुस्त होतो. बहुतेकांमध्ये कॅमेऱ्याकडची बायोनेट चकती चार छोट्या स्क्रूंनी नळीवर बसवलेली असते. बरोबर मापाच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने ते काढा. सैल बसणारं टोक वापरलंत तर डोकी झिजलीच म्हणून समजा. चकतीखाली, प्रत्येक स्क्रूच्या जवळ, सारख्या जाडीचे तुकडे ठेवा. पितळी शिम पत्रा ०.०५ आणि ०.१ मिमीमध्ये मिळतो. पॉलिइमाइड टेपही चालते, ती चिकटपणासकट साधारण ०.०६ मिमी भरते. स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. ०.२ मिमी बारीक असलेल्या अडॅप्टरला ०.१५ची भर घाला आणि उरलेली ०.०५ तशीच सोडा. उन्हाथंडीत धातू आणि लेन्सचं ग्रीस दोन्ही थोडं हलतं, त्याला तेवढी सूट लागते. जाड अडॅप्टर मात्र पॉलिश पेपरवर घासत बसू नका. हाताने घासलेली कड समांतर राहत नाही, एका दोषाचे दोन होतात. तो परतच करावा.

तिरकेपणा ओळखायला विटांची सपाट भिंत घ्या. कॅमेरा भिंतीला नीट समांतर, ॲपर्चर उघडं, फोकस मधोमध. डावी कड शार्प आणि उजवी मऊ आली तर लगेच निष्कर्ष काढू नका. दुसरी लेन्स त्याच अडॅप्टरवर लावा. मऊ बाजू तीच राहिली तर अडॅप्टर किंवा कॅमेऱ्याचं माउंट, बदलली तर लेन्स. कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स लावून तीच भिंत काढली की माउंटचा संशयही फिटतो. एफ/८ला, म्हणजे छिद्र लहान करून, ही चाचणी करू नका. एफ/२ला सेन्सरजवळ फोकसला दोन-तीन शतांश मिलिमीटरचीच सूट असते, एफ/८ला ती चौपट होते आणि तिरकेपणा झाकला जातो.

आतला काळा रंग

दुसरी तक्रार दुधाळपणाची. अडॅप्टर हातात घ्या, लेन्स न लावता खिडकीकडे धरा आणि कॅमेऱ्याच्या बाजूने, थोडं तिरकं, आत पाहा. चांगल्या अडॅप्टरची आतली भिंत अंधाऱ्या विहिरीसारखी दिसते. खाचा दिसतात, चमक दिसत नाही. वाईट अडॅप्टरमध्ये काळ्या ॲनोडायझिंगवर खिडकीची अख्खी पांढरी पट्टी गोल गोल फिरताना दिसते. रंग काळा असतो, पण गुळगुळीत काळा. आणि गुळगुळीत काळ्यावर तिरका पडलेला उजेड आरशासारखा परततो. फिल्म काळातल्या लेन्स ३६ बाय २४ मिमीच्या चौकटीपेक्षा बराच मोठा गोल प्रकाशतात. तो जादाचा उजेड या भिंतीवर आपटून सेन्सरवर येतो. मायक्रो फोर थर्ड्स किंवा एपीएस-सी अशा लहान (‘क्रॉप’) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्रास जास्त, कारण तिथे वाया जाणारा गोल आणखी मोठा.

यावरचा उपाय सोपा आहे: दुर्बिणींच्या आतल्या बाजूला लावतात तो चिकट पाठीचा काळा मखमली कागद. नळीच्या आतल्या परिघाएवढी पट्टी कापा. कॅमेऱ्याकडच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा, टोकं एकमेकांवर न चढवता जोडा, आणि लावण्याआधी पट्टीवरून चिकटटेप दोन-तीनदा फिरवून सुटे तंतू काढून घ्या. हे विसरलात तर तंतू सेन्सरवर जाऊन बसतात. मॅट काळा रंगही चालतो, पण तो पूर्ण वाळायला दोन दिवस द्या आणि टेकणाऱ्या पृष्ठभागांवर थेंबही जाऊ देऊ नका. रंगाचा थर म्हणजे पुन्हा जाडीत फरक.

पट्टी लावण्याआधी आणि नंतर, दिवा चौकटीच्या थोडा बाहेर ठेवून एकच फोटो काढून बघा. गडद भागातला फरक डोळ्यांना सरळ दिसतो. मग लेन्सला हूड (पुढची सावलीची नळी) लावा. एम४२च्या पुष्कळ नॉर्मल लेन्सचा फिल्टर व्यास ४९ मिमी आहे, त्यामुळे एकच धातूचा स्क्रू-हूड अनेकांना पुरतो.

पिनचा घोळ

एम४२ची ऑटो लेन्स उलटी करून पाहा. आट्यांच्या आत, कडेला एक छोटी पिन वर आलेली दिसेल. ॲपर्चरची रिंग एफ/८वर ठेवून बोटाने ती दाबा: पाती झटकन मिटतात. सोडा: पुन्हा उघडतात. फिल्म कॅमेरा शटर दाबताना नेमकं हेच करायचा. अडॅप्टरमध्ये पिन दाबणारं कुणी नसेल तर रिंग कितीही फिरवा, लेन्स उघडीच राहते. ‘ॲपर्चर चालत नाही’ म्हणून परत केल्या जाणाऱ्या लेन्स बऱ्याचदा या एवढ्यावरूनच परत जातात.

म्हणून आट्यांच्या तळाशी आतल्या बाजूला सपाट कड असलेला अडॅप्टर घ्यायचा. लेन्स पूर्ण आवळली की ती कड पिन कायम दाबून धरते आणि पाती रिंगप्रमाणे चालतात. ज्या लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका आहे, उदाहरणार्थ सुपर टाकुमार, तिथे खटका मॅन्युअलवर केला की कडेची गरज नाही. हेलिओस ४४-२सारख्या प्रीसेट लेन्सला पिनच नसते.

काही लेन्सना मात्र कड असलेला अडॅप्टर सोसत नाही. पिन गरजेपेक्षा खोल दाबली जाते आणि फोकस रिंग जड होते किंवा एका जागी अडते. खात्री करायची असेल तर लेन्स पाव आटा मागे फिरवा. रिंग लगेच मोकळी झाली तर कारण तेच. पण तशी सैल ठेवून वापरू नका, पाव आटा म्हणजे पाव मिलिमीटर. आतली कड पायरीसारखी खाली घेतलेला अडॅप्टर मिळतो, तो घ्या. रिंगवर जोर तर अजिबात लावू नका.

आट्यांची आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा. टी२ माउंटही ४२ मिमीचंच, पण पिच ०.७५ मिमी. एम४२च्या अडॅप्टरमध्ये ते एखादा आटा जातं आणि रुतून बसतं. टी२ची लेन्स सेन्सरपासून ५५ मिमीवर बसायची असते, त्यामुळे ती बसली तरी उपयोग शून्य. दोन बोटांच्या जोराने जात नसेल तर थांबा. तसंच ३९ मिमी आट्यांचं: लायका पद्धतीच्या रेंजफाइंडर (मधे आरसा नसलेल्या फिल्म कॅमेऱ्यांच्या) लेन्सचं अंतर २८.८ मिमी, तर जुन्या झेनिटच्या ३९ मिमी लेन्सचं एम४२च्या अगदी जवळचं. झेनिटची असेल तर ३९ ते ४२चं पातळ कडं लावून हाच अडॅप्टर चालतो, रेंजफाइंडरची असेल तर नाही.

लेन्स पूर्ण आवळल्यावर तिच्यावरची खूण वर न येता बाजूला आली, तर तोही दोष सुधारता येतो. अडॅप्टरच्या बाहेरच्या बाजूला बहुधा तीन बारीक ग्रब स्क्रू असतात. ते सैल करा, लेन्ससकट आतलं कडं फिरवून खूण वर आणा, पुन्हा आवळा. प्रत्येक ब्रँडच्या लेन्सचे आटे वेगळ्या जागी संपतात, त्यामुळे एका लेन्सला जुळवलेला अडॅप्टर दुसरीला जुळेलच असं नाही. जमत असेल तर दर लेन्सला एक अडॅप्टर ठेवा आणि तो लेन्सवरच राहू द्या. आटे कमी झिजतात, आणि झिजलेल्या आट्यांची पितळ-ॲल्युमिनियमची पूड सेन्सरपर्यंत जात नाही.

कॅमेऱ्यातल्या चार गोष्टी

अडॅप्टरला इलेक्ट्रॉनिक संपर्क नसल्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच लावलेली नाही. सोनीत ‘रिलीज विदाउट लेन्स’, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’, कॅननमध्ये ‘रिलीज शटर विदाउट लेन्स’ हा पर्याय चालू केल्याशिवाय शटर दबणार नाही. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल.

कॅमेऱ्यात सेन्सर स्थिरीकरण (हात हलला तर सेन्सर हलवून फोटो सांभाळणारी सोय) असेल तर फोकल लांबी हाताने भरावी लागते. भरायची ती लेन्सवर छापलेली. क्रॉप सेन्सर असला तरी दीडने गुणू नका. हा आकडा लेन्स बदलताना हमखास राहून जातो. १३५वर सोडून ५८ मिमी लावली तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि स्थिरीकरणच फोटो हलवतं. निकॉन झेडमध्ये ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’त वीस लेन्स साठवता येतात, फुजीत ‘माउंट अडॅप्टर सेटिंग’मध्ये फोकल लांबीबरोबर कडांचा काळेपणा आणि रंगछटाही सुधारता येते.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन शटर (पुढचा पडदा इलेक्ट्रॉनिक, मागचा खरा) चालू असताना, उघड्या ॲपर्चरवर आणि १/२००० किंवा त्याहून वेगवान शटरवर, फोटोचा वरचा किंवा खालचा भाग जास्त उजळ-गडद येतो आणि मागचे प्रकाशाचे गोळे एका बाजूने कापल्यासारखे दिसतात. कॅमेरा पुढच्या पडद्याची वेळ लेन्सच्या माहितीवरून जुळवतो, आणि इथे ती माहितीच नाही. भर उन्हात एफ/२ वापरायचं असेल तर पूर्ण मेकॅनिकल शटर निवडा.

चौथी फोकसची. पीकिंगच्या, म्हणजे शार्प कडांवर कॅमेरा दाखवतो त्या, लाल रेघा सोयीच्या आहेत, पण एफ/१.४ला त्या डोळ्यांवर, पापण्यांवर आणि भुवयांवर एकदमच उमटतात. पीकिंग ‘लो’वर ठेवा, अंतिम फोकस मॅग्निफाय करूनच घ्या. मॅग्निफायचं बटण अंगठ्याखाली नेमा. आणि ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्याच ॲपर्चरला फोकस करा. उघड्यावर फोकस करून मग एफ/२.८ला आणलं तर जुन्या एफ/१.४ लेन्समध्ये फोकस थोडा मागे सरकतो, कारण कडेचे आणि मधले किरण एकाच जागी मिळत नाहीत. एफ/५.६नंतर हा त्रास संपतो.

या कड्यावर काय लावावं

हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२. सहा भिंगं, चार गट, झाइसच्या बायोटारवरून आलेली रचना, आठ पाती. तिची घुमणारी पार्श्वभूमी प्रसिद्ध आहे, पण ती आपोआप येत नाही. विषय दीड ते तीन मीटरवर, मागे चार-पाच मीटरवर पानांची दाट जाळी आणि पानांतून उजेडाचे ठिपके, ॲपर्चर एफ/२, आणि फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमीचा) सेन्सर. क्रॉप सेन्सरवर घुमणारी कडच कापली जाते, मग ‘माझी हेलिओस घुमत नाही’ म्हणून निराशा होते. तिची प्रीसेट रचना डिजिटलवर वरदानच आहे. दोन रिंगा: एक खटक्याची, मर्यादा ठरवणारी; दुसरी गुळगुळीत, उघड्यापासून त्या मर्यादेपर्यंत फिरणारी. मर्यादा एफ/१६वर ठेवली की दुसऱ्या रिंगने ॲपर्चर आवाज न करता, टप्पे न घेता फिरतं. व्हिडिओसाठी यापेक्षा सोपं काय हवं?

सुपर टाकुमार ५५ मिमी एफ/१.८ आम्ही हेलिओसच्या वर ठेवू. घडण अप्रतिम, फोकस रिंग रेशमासारखी, आणि एफ/४ला शार्पनेस आजच्याही मापाने समाधानकारक. ५० मिमी एफ/१.४च्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियमयुक्त काच आहे आणि ती वर्षांनी चहाच्या रंगाची होते. पांढऱ्या कागदावर लेन्स धरली की पिवळेपणा लगेच दिसतो. अतिनील एलईडी दिव्याखाली, ॲपर्चर उघडं ठेवून, काही दिवस ते काही आठवडे ठेवली की काच पुष्कळ निवळते. दिव्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी बघू नये. वापरायला लेन्स सुरक्षित आहे, फक्त ती काच घासू किंवा फोडू नये.

ज्युपिटर-९, ८५ मिमी एफ/२, तिच्या १५ पात्यांसाठी घ्यावी. छिद्र बंद करतानाही गोलच राहतं. उजेड समोरून घेऊ नका, ती लगेच कोमेजते. १३५ मिमी एफ/३.५ वर्गातल्या बहुतेक लेन्स चांगल्या निघतात आणि त्यांना मागणी कमी असते. सत्तरच्या दशकातले झूम टाळा. २८ मिमीपेक्षा वाइड हवं असेल तर आजची साधी लेन्सही जुन्यांना मागे टाकते.

घेताना टॉर्च आरपार टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर सोडून द्या. एकसारखं धुकं असेल तर साफ होण्याची आशा असते. दोन चिकटवलेल्या भिंगांमध्ये इंद्रधनुषी कडा दिसल्या तर चिकटवण सुटली आहे, तो घरचा उद्योग नाही. पात्यांवरचं तेल अडॅप्टरवर तितकं बाधत नाही, कारण पाती शटरच्या वेगाने हलायची नसतात. पण तेच तेल पुढे काचेवर धुकं होऊन बसतं, हे लक्षात घेऊन ठरवा.

बाकीचे प्रकार

हेलिकॉइड (आट्यांवर फिरून लांब होणारी नळी) असलेला अडॅप्टर स्वतः लांब होतो आणि लेन्सला तिच्या मूळ मर्यादेपेक्षा जवळ आणतो. ५८ मिमीची लेन्स आणखी १० मिमी पुढे गेली की ०.१७ पट मॅग्निफिकेशनची भर पडते. हेलिओसचा जवळचा फोकस अर्ध्या मीटरवर थांबतो, त्यामुळे फुलापानांसाठी उपयोगी. तपासायचं ते हेलिकॉइडचं डगमगणं: पूर्ण लांब करून लेन्स हळूच वर-खाली करा, हातात ‘टक’ जाणवला तर नको.

फोकल रिड्यूसरमध्ये काच असते. ०.७१ पटीचा असेल तर ५८ मिमी एफ/२ची लेन्स ४१ मिमी एफ/१.४ होते, एका स्टॉपचा उजेड वाढतो आणि एपीएस-सीवर जवळजवळ फुल फ्रेमचं दृश्य मिळतं. काच साधारण असेल तर कोपरे सुटतात आणि एफ/८ नंतर मधोमध निळसर डाग येऊ शकतो. मागचं भिंग बाहेर आलेली लेन्स रिड्यूसरच्या काचेला टेकू शकते, म्हणून अनंताकडे रिंग फिरवताना आत बघत फिरवा.

ऑटोफोकसचे अडॅप्टर, टेकआर्टचे वगैरे, अख्खी लेन्सच मोटरने मागे-पुढे करतात. ते लायका एम माउंटचे असतात. एम४२साठी वर आणखी एक कडं लागतं. साडेचार मिलिमीटर सरकणाऱ्या अडॅप्टरवर ५० मिमीची लेन्स साधारण ६० सेंटिमीटरपर्यंत जवळ येते. हलक्या नॉर्मल लेन्ससाठी छान. १३५ मिमीला ती चाल पुरत नाही आणि मोटरवर वजन येतं.

डीएसएलआरवर (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) एम४२ लावायची असेल तर कॅनन ईएफचं अंतर ४४ मिमी, म्हणजे १.४६ मिमीचं पातळ कडं पुरतं. फक्त फुल फ्रेमवर काही लेन्सचं मागचं भिंग आरशाला लागतं. निकॉन एफचं ४६.५ मिमी, एम४२पेक्षा जास्त. तिथे काच नसलेल्या अडॅप्टरने अनंत मिळत नाही आणि काचेच्या अडॅप्टरने शार्पनेस जातो. तो खर्च करू नका.

अडॅप्टर कॅमेऱ्यावर बसल्यावर डुलत असेल तर लेन्स धरून हलकेच फिरवून बघा. फिरण्याच्या दिशेने केसभर हालचाल असेल तर फोटोला बाधत नाही, फक्त फोकस करताना हाताला खटकते. पुढे-मागे किंवा वर-खाली हालचाल असेल तर अडॅप्टर बदला. कॅमेऱ्याच्या माउंटमधल्या स्प्रिंग पट्ट्या वाकवून घट्ट करायच्या फंदात पडू नका, त्या पुढे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्सनाही लागणार आहेत. जड टेलिफोटो असेल तर ट्रायपॉड कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या किंवा अडॅप्टरच्या पायाला लावा. या कड्याला रबरी सील नसतं, त्यामुळे कॅमेरा कितीही हवामानरोधक असला तरी पावसात या जोडणीतून पाणी शिरतं.